साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

१

मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर या सनदी अधिकाऱ्यांनी १९१२ साली मुंबईतील घरांचा उजेड आणि त्या घरांतील हवा या विषयावर एक व्याख्यान दिले. त्यात त्यांनी ज्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला, तो इतका साधा होता की, कोणत्याही ओव्हरसियरला नकाशा आणि पट्टी घेऊन घटकाभरात त्याचा पडताळा पाहता यावा. राहण्याच्या प्रत्येक खोलीला निदान एका बाजूने उघडे आकाश असले पाहिजे, आणि त्या बाजूच्या भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून वर काढलेली रेषा समोरच्या इमारतीला कोठेही अडता कामा नये, असा तो नियम होता. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, समोरची इमारत जितकी उंच असेल, त्याच्या निम्मे तरी अंतर दोहोंच्या मध्ये मोकळे राहावे. चाळीस फूट उंचीची चाळ असेल तर तिच्यासमोर वीस फूट जागा सोडावी. माणसाला किती हवा आणि किती उजेड मिळावा, हा प्रश्न घरमालकाच्या मर्जीवर किंवा भाडेकरूच्या नशिबावर न सोडता कायद्याने मोजून द्यावा, ही त्या नियमामागची भूमिका होती, आणि या देशातील नगररचनेच्या इतिहासात तिचे मोल फार मोठे आहे.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्याच मुंबईच्या ईशान्येस, गोवंडी-मानखुर्दच्या बाजूस, प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी बांधलेल्या वसाहतींत आज सात-आठ मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन मीटरांच्या अंतराने उभ्या आहेत. अशा इमारतीची उंची चोवीस मीटर धरली, तर ऑर यांच्या मापाने मध्ये बारा मीटर जागा हवी होती. प्रत्यक्षात तिचा चौथा हिस्साच सोडलेला आहे, आणि तळमजल्यावरून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा सुमारे त्र्याऐंशी अंशांचा कोन करते. ही गोष्ट कोणाच्या अज्ञानाने घडली असती, तर तिचे दुःख कमी झाले असते. ती नियमावलीत ‘सवलत’ म्हणून रीतसर लिहून, मसुदा करून, मंजुरी देऊन घडलेली आहे. गरिबाला घर देताना त्याच्या वाट्याची हवा आपण कशी वजा केली, तिचे मोल कोण चुकवीत आहे, आणि ती परत कशी देता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

२

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी ओळखला, आणि पुढल्या काही महिन्यांत या वैभवशाली बंदराची जी दैना झाली तिच्या आठवणी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत अद्याप सांगितल्या जातात. लोक शहर सोडून पळाले. गिरण्या ओस पडल्या. प्लेगच्या अधिकाऱ्यांच्या टोळ्या घरोघर शिरून कौले उतरवू लागल्या, भिंती फोडून खिडक्या पाडू लागल्या, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर तीन इंग्रजी अक्षरांची खूण करू लागल्या. पुण्यात या बंदोबस्ताने जे उग्र रूप धारण केले, आणि १८९७ च्या जूनमध्ये त्याचे पर्यवसान रँडसाहेबाच्या वधात कसे झाले, हे मराठी वाचकास सांगावयास नको. सरकारने आरोग्याच्या नावाने प्रजेच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले, आणि ते टाकताना प्रजेच्या मानमर्यादेची पर्वा केली नाही, ही त्या काळाची काळी बाजू होय.

परंतु त्याच संकटातून १८९८ साली स्वतंत्र कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला, आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे, कोंदट चाळी पाडणे व मोकळ्या जागी नवी वसाहत करणे, हे त्याचे विहित कार्य ठरले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे समुद्राकडचा वारा शहराच्या पोटात आणण्यासाठी काढलेले रस्ते होत, आणि दादर-माटुंग्याच्या ज्या हिंदू व पारशी कॉलन्यांत आजही दुपारी झाडांच्या सावलीत चालता येते, त्या ट्रस्टच्याच योजनांचे फळ आहेत. ट्रस्टने जितकी घरे पाडली त्या मानाने गरिबांसाठी बांधली फार थोडी, आणि बेघर झालेले कष्टकरी शेजारच्या वस्त्यांतील गर्दीत भर घालीत राहिले, हा आक्षेपही तितकाच खरा आहे आणि तो विसरता येणार नाही.

आता येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ट्रस्टच्या धुरीणांचा समज असा होता की, प्लेग हा दूषित, ओलसर आणि कोंडलेल्या हवेचा रोग आहे. तो समज चुकीचा होता. १८९८ मध्येच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून दाखविले की, प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो. तथापि, ज्या उपायाने प्लेग हटणार नव्हता, तोच उपाय त्याच चाळींतून मुकाट्याने माणसे नेणाऱ्या दुसऱ्या एका रोगावर अचूक लागू पडत होता. तो रोग म्हणजे क्षय. साडेत्रेसष्ट अंशांचे शास्त्रीय समर्थन ऑर यांच्या व्याख्यानानंतर कित्येक वर्षांनी, सातासमुद्रांपलीकडे मिळावयाचे होते.

३

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ च्या मार्चमध्ये जगासमोर ठेवला. परंतु तो जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, याविषयी पुढेही दीर्घकाळ वाद चालू होता. थुंकी, धूळ, भांडी, कपडे, या सर्वांवर संशय घेतला जाई. अमेरिकेतील विल्यम वेल्स यांनी १९३० नंतरच्या दशकात असा विचार मांडला की, खोकताना किंवा बोलताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतील पाणी क्षणार्धात सुकते आणि उरलेला इवलासा कण जंतूसह तासन् तास हवेत तरंगत राहतो. पुढे त्यांच्यासह रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात या विचाराची परीक्षा घेतली. क्षयरुग्णांच्या खोल्यांतील हवा नळ्यांवाटे वरच्या मजल्यावर नेऊन ती गिनिपिगांच्या पिंजऱ्यांवरून वाहू दिली. त्या प्राण्यांचा रुग्णांशी दुसरा कोणताही संबंध नव्हता, तरी ते एकामागून एक बाधित होत गेले. आणि ज्या पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरणांचा मारा केला होता, तेथील प्राणी निरोगी राहिले. हवा हीच वाहक आहे, हे त्या प्रयोगांनी सिद्ध झाले.

या सिद्धान्ताचा गृहरचनेशी थेट संबंध आहे. बंद खोलीत बाधित होण्याची शक्यता तीन गोष्टींवर अवलंबून असते : रोगी किती जंतू हवेत सोडतो, निरोगी माणूस त्या हवेत किती वेळ राहतो, आणि खोलीतील हवा किती वेगाने बदलते. पहिली गोष्ट औषधाने आटोक्यात येते. दुसरी एकाच खोलीत नांदणाऱ्या कुटुंबाच्या हाती नसते. तिसरी मात्र सर्वस्वी वास्तूच्या हाती असते. खोलीत येणारी ताजी हवा दुप्पट केली, तर तरंगणाऱ्या कणांची दाटी सुमारे निम्म्यावर येते.

पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतील सत्तर खोल्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्याचे निष्कर्ष प्रत्येक वास्तुविशारदाने कंठस्थ करावेत असे आहेत. दारे-खिडक्या सताड उघडल्या असता त्या खोल्यांतील हवा तासाला सरासरी अठ्ठावीस वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळविलेल्या महागड्या खोल्यांत हेच प्रमाण बारा होते. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या दालनांत हवा तासाला चाळीस वेळा बदले, तर आधुनिक दालनांत अवघी सतरा वेळा. ज्या पिढीजवळ क्षयावर औषध नव्हते, तिने आपले सारे ज्ञान खिडकीत ओतले होते.

आपल्याकडेही तो काळ होऊन गेला. पाचगणीचे बेल-एअर सॅनिटोरियम १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी काढले, आणि मिरज येथेही मिशन रुग्णालयाने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. लांब व्हरांडे, रुंद खिडक्या, उन्हे आणि डोंगरावरचा वारा हीच तेथील मुख्य चिकित्सा असे. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड ही औषधे आली, आणि मद्रासच्या क्षयरोग चिकित्सा केंद्राने १९५९ मध्ये एक युगप्रवर्तक निष्कर्ष जाहीर केला : गरीब वस्तीतील रोग्यास त्याच्याच घरी ठेवून औषध दिले, तरी सॅनिटोरियमइतकाच गुण येतो. त्या निष्कर्षाने जगभरची आरोग्यधामे बंद झाली आणि कोट्यवधी रोग्यांना आपल्या माणसांत राहून बरे होता आले. हे उपकार थोर आहेत. परंतु उपचार घरी आला, तेव्हा त्या घराने अंशतः आरोग्यधामाचे काम करावयास हवे होते, ही दुसरी अर्धी गोष्ट आपण नजरेआड केली. गोळ्यांची पाकिटे वस्तीत पोचविण्याची चोख व्यवस्था झाली. ज्या खोलीत ती गोळी घ्यावयाची, त्या खोलीच्या हवेची चौकशी कोणी केली नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रुग्ण आज आपल्या देशात आहेत, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे मुंबई हे एक प्रमुख केंद्र झाले आहे, हे पाहता त्या विस्मरणाचा विचार आता केलाच पाहिजे.

४

महाराष्ट्रात १९९५ च्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. योजनेमागील कल्पना चतुर होती. पात्र झोपडीधारकास पक्के घर विनामूल्य द्यावे. त्याचा खर्च विकासकाने करावा. आणि मोबदल्यात त्याला वाढीव चटईक्षेत्र मिळून त्यावर बांधलेल्या सदनिका त्याने खुल्या बाजारात विकाव्यात. सरकारी तिजोरीवर भार नाही, गरिबास घर आणि विकासकास नफा, असा हा त्रिवेणी हिशेब होता. घराचे क्षेत्रफळ प्रथम २२५ चौरस फूट होते. पुढे ते २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फूट झाले. रस्ते, रेल्वे आणि नाले यांच्या प्रकल्पांत ज्यांची घरे गेली, त्यांच्यासाठीही अशाच धर्तीवर, हस्तांतरणीय विकास हक्काच्या बदल्यात, विकासकांकडून इमारती बांधून घेण्यात आल्या, आणि जमीन स्वस्त असल्यामुळे त्यांतील पुष्कळशा महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या बाजूस, उभ्या राहिल्या.

या हिशेबातील मेख अशी की, पुनर्वसनाची इमारत ही विकासकाच्या दृष्टीने निव्वळ खर्चाची बाब असते. ती जितकी कमी जागेत दाटीवाटीने बसेल, तितके त्याचे हित. आणि तिला ती मुभा मिळावी म्हणून नियमावलीनेच सामासिक अंतरे शिथिल केली. इतर इमारतींस उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडण्याचे बंधन असताना, झोपडीवासीयांच्या इमारतींस ती नाममात्र सोडली तरी चालेल, असे ठरले. नियम शिथिल करणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे म्हणण्याचे कारण नाही. अधिकाधिक कुटुंबांना लवकर घर मिळावे, हीच तळमळ त्यामागे असू शकेल. परंतु घर म्हणजे चौरस फूट, ही एकच व्याख्या ज्या दफ्तरात रूढ झाली, तेथे घनफूट हवेचा विचार करण्यास रकानाच उरला नाही.

गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड ही वसाहत या व्याख्येचे मूर्तिमंत उदाहरण आहे. दोन इमारतींच्या मधली जी पट्टी नकाशावर मोकळी जागा म्हणून दाखविलेली असते, ती प्रत्यक्षात जुन्या चाळींतील हाऊसगल्लीसारखी होते : वरच्या मजल्यांवरून पडणारा कचरा, सांडपाण्याचे गळके नळ, आणि त्यांच्या दुर्गंधीमुळे खालच्या मजल्यांवरच्या कायम लावून घेतलेल्या खिडक्या. भर दुपारी ट्यूबलाइट लावल्यावाचून तळमजल्यावर भाकरी थापता येत नाही. इमारतीच्या मध्यातून अंधारा बोळ जातो आणि त्याच्या दोहों बाजूंस घरांची दारे समोरासमोर येतात. म्हणजे प्रत्येक घरास बाहेरची बाजू एकच. वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाईल, तेव्हाच खोली खऱ्या अर्थाने खेळती राहते. जुन्या चाळीत अनेक उणिवा होत्या, पण समोर उघडी गॅलरी आणि मागे खिडकी असल्याने हा गुण तिच्यात अनायासे होता. त्यातच उंच इमारतींमधील फट जेव्हा फारच अरुंद असते, तेव्हा वरून वाहणारा वारा तिच्या माथ्यावरून निघून जातो, आणि तळाशी हवा साचून राहते. खिडकी उघडणे हे रहिवाशाच्या हाती आहे. खिडकीबाहेर हवा असणे हे त्याच्या हाती नाही, आणि ती तेथे ठेवण्याचा अधिकार केवळ नियमाला आहे.

याचा परिणाम केवळ अनुमानाने सांगण्याची गरज उरलेली नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईतील अभ्यासकांच्या साहाय्याने एम पूर्व विभागातील तीन वसाहतींची तुलना केली : नटवर पारेख कंपाउंड, लल्लुभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. तिन्ही एकाच विभागात, एकाच देवनार कचराभूमीच्या आसमंतात, आणि तिन्हींत राहणारे लोक कष्टकरीच. पीएमजीच्या इमारतींत मात्र अंतरे प्रशस्त होती. घरोघर केलेल्या पाहणीत पहिल्या दोन वसाहतींतील क्षयाचे प्रमाण तिसरीच्या कित्येक पटींनी अधिक आढळले. आणि उजेड, आकाशाचा दिसणारा हिस्सा व हवेचा प्रवाह यांची संगणकावर मांडणी केली, तेव्हा सर्वांत वंचित ठरली ती खालच्या मजल्यांवरील घरे. याच शहरातील अल्प उत्पन्न गटाच्या इमारतींवर तेव्हा आयआयटी मुंबईत असलेल्या रोनिता बर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनात ‘हवेचे वय’ हे माप वापरलेले आहे. खोलीतील एखाद्या कोपऱ्यातील हवा बाहेरून येऊन सरासरी किती वेळ झाला, हे त्यावरून कळते. जेथे माणूस झोपतो त्या कोपऱ्यातील हवा जितकी वृद्ध, तितका धोका मोठा.

५

कोंडलेल्या हवेत केवळ जंतूच साचतात असे नाही. ज्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास, आजारपण आणि झोप हे सर्व व्यवहार चालतात, तिच्यात फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल यांची भर पडत राहते. एक कॉइल जळून संपेपर्यंत तिच्यातून जितके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, तितके पडावयास पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटी जाळाव्या लागतील, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आणि ती कॉइल आपण लहान मुलाच्या उशाशी, दारे-खिडक्या लावून घेऊन, रात्रभर जळत ठेवतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधून डॉ. संदीप साळवी यांनी ही गोष्ट वर्षानुवर्षे तळमळीने सांगितली, आणि २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहून हेही जगाच्या निदर्शनास आणले की, श्वासनलिकांचा दीर्घकालीन अवरोध हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा रोग नव्हे, जन्मात विडी न ओढलेल्या असंख्य स्त्रियांना तो चुलीच्या धुराने जडतो.

त्या धुराचे आरंभीचे एक महत्त्वाचे मोजमाप याच देशात झाले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेचे कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी १९८० नंतर लवकरच गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर छोटी यंत्रे लावून त्यांच्या श्वासात किती कण जातात हे मोजले, आणि मोठ्या शहरांतील रस्त्यांपेक्षा स्वयंपाकघरातली हवा कित्येक पटींनी घातक असल्याचे दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुराने जगात दरसाल सुमारे तीस लाख अकालमृत्यू होतात. गॅसची जोडणी खेडोपाडी पोचविणे हे म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचे कार्य आहे, आणि सिलिंडर पुन्हा भरून आणण्याइतका पैसा त्या घरात उरणे हा त्याच कार्याचा उत्तरार्ध आहे.

सुखवस्तू वर्गाने हा प्रश्न गरिबांचा म्हणून बाजूस सारू नये. पंखा हवा फिरवितो, बदलीत नाही; आणि भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र बहुधा तीच खोलीतली हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवले होते की, माणसांच्या उच्छ्वासाने खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एका भागाच्या वर गेले, म्हणजे ती हवा शिळी झाली असे समजावे. काचबंद कार्यालयांत, शिकवणीच्या वर्गांत, आणि दारे बंद करून चौघांनी झोपलेल्या शयनगृहांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आज थोड्या पैशांत मिळणारे हातातले यंत्र ते कोणालाही दाखवू शकते. करोनाच्या साथीने हा धडा आपल्या सर्वांना दिला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या रक्तपाहणीत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. गर्दी, सामाईक शौचालये आणि कोंदट खोल्या यांचा मिळून तो परिणाम होता.

६

या विवेचनावर काही आक्षेप येतील आणि त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला असा की, क्षय हा अन्नाचाही प्रश्न आहे. तो आहेच. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रुग्णाच्या कुटुंबीयांना सकस शिधा दिला असता त्यांच्यातील नव्या रोग्यांचे प्रमाण सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी घटले. अन्न रोगाशी झुंजण्याचे बळ देते, हवा मुळात झुंज किती वेळा द्यावी लागेल हे ठरविते. राज्यकर्त्यांनी यांतील एकाची निवड करावी, अशी वेळ कोणीही त्यांच्यावर आणलेली नाही.

दुसरा आक्षेप असा की, बाहेरचीच हवा दूषित असेल तर खिडकी उघडून काय साधणार? हा आक्षेप गंभीर आहे, कारण पुनर्वसनाच्या वसाहती पुष्कळदा अशाच जागी वसविल्या जातात. माहुल येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवलेल्या कुटुंबांचा लढा उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१९ साली न्यायालयाने त्यांना अन्यत्र राहण्यासाठी भाड्याची रक्कम देण्याचा हुकूम दिला. यावरून निघतो तो निष्कर्ष इतकाच की, वसाहतीसाठी जागा निवडताना हवेची तपासणी आधी व्हावी. घराची खिडकी लहान करावी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तिसरा आक्षेप जमिनीचा. मुंबईत जमीन नाही, म्हणून दाटी अपरिहार्य आहे, असे सांगितले जाते. परंतु त्याच भूखंडावर, त्याच योजनेत, विक्रीसाठी बांधलेल्या मनोऱ्याभोवती वाहनतळ, बाग आणि पोहण्याचा तलाव यांस जागा मिळते. तेव्हा टंचाई जमिनीची आहे की वाटपातील न्यायाची, हे प्रत्येकाने स्वतःच पाहावे.

७

उपाय अगम्य नाहीत. उभ्या असलेल्या वसाहतींत इमारती हलविता येणार नाहीत हे खरे; परंतु दारांवर झडपा बसविणे, मधल्या बोळांची टोके मोकळी करणे, प्रत्येक स्वयंपाकाच्या ओट्यावर बाहेर हवा फेकणारा पंखा देणे, मधल्या गल्ल्या रोज साफ ठेवून खालच्या खिडक्या उघडण्याजोग्या करणे, आणि आरोग्यसेविकांनी क्षयाची तपासणी तळमजल्यापासून वर अशा क्रमाने करणे, यांतील कोणतेही काम महानगरपालिकेच्या शक्तीबाहेरचे नाही. तळमजल्यावरच्या रोग्यास उपचाराच्या काळात उजेडाच्या मजल्यावर पर्यायी खोली देता आली, तर त्याच्या मुलांचे संरक्षण होईल.

जे अद्याप बांधावयाचे आहे, त्याच्या बाबतीत मागणी अधिक निश्चित करता येते. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत, आणि तेथील रहिवाशांना पाचशे चौरस फुटांचे घर मिळणार आहे, ही संतोषाची गोष्ट आहे. धारावीचा अवाढव्य पुनर्विकास समोर आहे. आणि पुणे, ठाणे, नाशिक येथेही हीच वाट चोखाळली जात आहे. पुनर्वसनाच्या इमारतीस, विक्रीच्या इमारतीस जी सामासिक अंतरे लागतात, त्यांहून एक फूटही कमी अंतर चालू नये. मजले वाढवावयाचे असतील तर मधली जागाही त्याच प्रमाणात वाढावी. खिडकीचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक-षष्ठांश असावे, असे आपले इमारतविषयक संकेत दमट हवेच्या प्रदेशासाठी सांगतात. त्याला जोडून त्या खिडकीसमोर किती आकाश आहे, हेही नकाशावर दाखविणे सक्तीचे असावे. प्रत्येक प्रस्तावासोबत सर्वांत खालच्या, सर्वांत कोपऱ्यातल्या घरात हवा आणि उजेड किती पोचेल याचा तक्ता असावा, आणि अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याप्रमाणे आरोग्याधिकाऱ्याची सही झाल्याखेरीज प्रस्तावास मंजुरी मिळू नये.

या सर्वांस खर्च येईल, हे उघड आहे. परंतु औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या एका रोग्यावर महिनोन् महिने होणारा खर्च, त्याची बुडालेली मजुरी, अर्ध्यात सुटलेली त्याच्या मुलांची शाळा, यांचा भार शेवटी त्याच सार्वजनिक तिजोरीवर आणि त्याच कुटुंबावर पडतो. फरक इतकाच की, भिंतीतील अंतराचा खर्च विकासकाच्या खात्यावर एकदाच लिहिला जातो, आणि रोगाचा खर्च गरिबाच्या खात्यावर पिढ्यान् पिढ्या.

एकदा उभी राहिलेली भिंत मागे सरकविता येत नाही. नकाशावरची रेषा मात्र आज सरकविता येते. म्हणून ज्या वस्तीची सोसायटी स्थापन होत असेल, तिच्या सभासदांनी घर किती फुटांचे, या प्रश्नासोबतच इमारतींत अंतर किती मीटर, हा प्रश्न करारावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी विचारावा. डॉक्टरांनी क्षयाच्या केसपेपरावर रोग्याचा मजला आणि खिडकी यांची नोंद करावी. आणि लोकप्रतिनिधींनी सवलत या गोंडस नावाखाली गरिबांच्या फुप्फुसांतून कापून घेतलेली ही मोकळी जागा नियमावलीत परत लिहून घ्यावी. शंभर वर्षांपूर्वी परकीय अंमलातील एक अधिकारी जे मागू शकला, ते स्वतंत्र महाराष्ट्राच्या नागरिकांनी आपल्याच सरकारपाशी हक्काने मागावे, आणि मिळेपर्यंत मागत राहावे.